मधल्या जागेला वळसा

तोंडात टाचण्या धरलेल्या माणसाशी कुणी गप्पा मारत नाही. हा साधा नियम आहे, आणि मावशीचं निम्मं आयुष्य या नियमावर चाललं होतं. कपड्यांच्या मोठ्या दुकानात, दुसऱ्या मजल्यावर, ट्रायल रूमच्या शेजारी एक खुर्ची, एक शिलाई मशीन आणि माणसापेक्षा उंच असा एक आरसा, एवढं तिचं राज्य. गिऱ्हाईक नवी पँट घालून बाहेर यायचं, आरशासमोर ताठ उभं राहायचं, आणि मावशी गुडघ्यांवर बसून ओठांतली एकेक टाचणी काढत पायाशी दुमड घालत जायची. गिऱ्हाइकाचं लक्ष आरशात. खाली कोण बसलंय हे बघायची गरज कुणाला पडत नसे. दुकानातल्या पोरांनी तिचं नाव ‘टाचणीमावशी’ ठेवलं होतं, आणि ते तिच्या कानावर आलं होतं. टाचणी म्हणतात ना, गंजलेली तर म्हणत नाहीत, असं ती म्हणायची; म्हणजे मनातल्या मनात, कारण तोंडात टाचण्या.

तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही याची कारणं नातेवाइकांकडे पोत्याने होती, तिच्याकडे एकही नव्हतं. आई असेपर्यंत आईचं करण्यात दिवस गेले, आई गेल्यावर दिवस नुसतेच गेले. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, तिला चिकटून स्वयंपाकाचा ओटा, कपाटाला आरसा, आणि फरशी अशी उतरती की पेन्सिल पडली तर थेट दाराशी जाऊन थांबायची. या खोलीत ती एकटी राहायची आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. निदान भाची येईपर्यंत तरी वाटत नव्हतं.

माय मरो पण मावशी जगो असं म्हणतात. इथे माय चांगली ठणठणीत होती. तिने फक्त एक सुटकेस आणि एक पोर पाठवून दिली, कॉलेज संपेपर्यंत ठेवून घे म्हणाली. पोरीच्या पायाला भिंगरी होती, म्हणून मावशी तिला भिंगरीच म्हणायला लागली. ती बसून जेवत नसे, फिरत फिरत जेवायची. दात घासताना डुलायची. आल्या आल्या आठवड्याभरात तिने जाहीर केलं की ती आणि तिच्या तीन मैत्रिणी मिळून के-पॉप बसवणार आहेत. के-पॉप हा काहीतरी नवा शाम्पू असावा असं मावशीला वाटलं. मग भिंगरीने मोबाईल दाखवला. पाच कोरियन मुली, सगळ्या एका साच्यातून काढलेल्या, एकीने हात उचलला की पाचींचे हात वर, एकीने मान वळवली की पाचींच्या माना वळल्या. दुकानातल्या पुतळ्यांना वारं आल्यासारखं वाटलं मावशीला. पण शिलाई बघून ती गप्प झाली. नाचताना एकीचाही खांदा ओढला जात नव्हता. कुणीतरी जीव ओतून शिवले होते ते कपडे.

घोळ असा होता की गाणं पाच जणींचं आणि पोरी चार. पाचवी मिळेना. आणि या नाचात नुसतं आपल्या जागी उभं राहून हातवारे करून भागत नाही. सगळ्या जणी सारख्या जागा बदलतात, एक मधल्या मुलीच्या पुढून जाते, दुसरी मागून. मधे कोणी नसलं की या चौघी एकमेकींवर आपटायच्या. दोनदा कपाळं आपटल्यावर भिंगरीला युक्ती सुचली.

“मावशी, तू मधे उभी राहा. नुसती उभी राहा. हलायचं नाही.”

“माझं शिवायचं काम पडलंय.”

“मग शिव ना. उभ्या उभ्या शिव.”

आणि मावशी उभी राहिली. रोज संध्याकाळी टेबल भिंतीला लागायचं, मैत्रिणी यायच्या, मोबाईल कपाटाच्या फळीवर टेकवला जायचा आणि मावशी खोलीच्या मधोमध, तोंडात टाचण्या, हातात दुकानातला कुठला तरी स्कर्ट घेऊन, दुमडीला बारीक टाके घालत खांबासारखी उभी. चार पोरी तिच्याभोवती वाऱ्यासारख्या फिरायच्या. ती वर बघायचीच नाही. बघितलं की टाका चुकतो. अधूनमधून टाचण्यांच्या फटीतून “हळू आपटा गं” एवढं पुटपुटायची. खालच्या मजल्यावर एक रिटायर हेडमास्तर राहायचे. बायको गेल्यापासून त्यांचं एकच काम उरलं होतं, शिस्त. धडधड सुरू झाली की ते काठीने छताला ठोसे द्यायचे, वरून पोरी खिदळायच्या आणि मावशीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कॉलेजच्या कार्यक्रमाला शेवटच्या क्षणी पाचवी मुलगी मिळाली. छान उंच होती, मधे शोभून दिसली. पाचही जणींचे कपडे मावशीनेच शिवले होते. ती मागच्या रांगेत बसून खांदे कुठे ओढले जातायत का तेवढं बघत होती. एकही ओढला गेला नाही. तिने टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन भिंगरीचा मोजा रफू करत बसली.

मग भिंगरीला नोकरी लागली. विमानाने जावं लागेल इतक्या लांब. जाताना ती मावशीच्या गळ्यात पडून रडली, नवा फोन घेतला म्हणून जुना तिला देऊन गेली आणि रोज फोन करीन म्हणाली. तिने केलाही. रोजचा एक दिवसाआड झाला, मग रविवारचा, मग रविवारीही रस्त्यातून, हॉर्नच्या आवाजात. त्यात कुणाचा दोष नव्हता. कामाला जुंपलेलं माणूस किती बोलणार, आणि मावशीकडे तरी सांगण्यासारखं काय होतं? आज बारा पँटी आल्या, दोन पुरुषांनी पोट आत ओढून माप दिलं, हे किती वेळा सांगणार? फोनच्या शेवटी भिंगरी विचारायची, “बाकी काय, मावशी?” मावशी म्हणायची, “बाकी काही नाही.” मग फोन ठेवला जायचा. ते ‘बाकी काय’ मात्र आठवडाभर खोलीत राहायचं. त्याला द्यायला आपल्याकडे उत्तर नाही, हे तिला फार लागायचं. टेबल आता पुन्हा खोलीच्या मधे आलं होतं आणि ती एका कडेला बसून जेवायची.

एका संध्याकाळी बहिणीला पाठवायला म्हणून जुना फोटो शोधताना तिला भिंगरीने दिलेल्या त्या फोनमध्ये एका संध्याकाळच्या तालमीचा व्हिडिओ सापडला. तिने बोट लावलं आणि खोलीत एकदम चार पोरी बोलायला लागल्या. “मावशी, हलू नकोस.” “अगं सुरू कर ना.” “माझा चष्मा धरा कोणीतरी.” मग गाणं. मावशीने तो संपेपर्यंत पाहिला, परत लावला, परत पाहिला. जेवण गार झालं. तिचे डोळे सगळा वेळ एकाच जागी होते, भिंगरीच्या पायांवर. पोरगी इतकी छान नाचत होती आणि आपण तिथेच होतो, हातभर अंतरावर, आणि आपण स्कर्टाची दुमड बघत होतो.

त्या दिवशी तिने ठरवलं, हे शिकायचं. पुढच्या वेळी पोरगी ‘बाकी काय’ म्हणाली की सांगायचं. नाही, सांगायचं नाही, ती आली की दाखवायचं.

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक दुसऱ्याला हसायला म्हणतात. मावशीला अंगण नव्हतं, आणि फरशी खरोखरच वाकडी होती. पहिल्या दिवशी ती नुसतं एक पाऊल बाजूला टाकायला शिकली आणि दाराशी जाऊन थांबली, पेन्सिलीसारखी. दुसरी अडचण डाव्या-उजव्याची. समोरून नाचणाऱ्या पोरीचा उजवा हात आपल्याला डावीकडे दिसतो, आणि मावशीचं डोकं गरगरायला लागलं. पण जन्म आरशासमोर गेला होता. तिने फोन स्टुलावर असा ठेवला की त्याचं तोंड कपाटाच्या आरशाकडे, आणि आरशातली भिंगरी बघून नाचायला लागली. आता उजवा तो उजव्या बाजूलाच दिसायला लागला. चित्र लहान दिसायचं, मग वाचायचा चष्मा लावला. चष्मा घामाने घसरायचा, मग त्याला मागून शिवणाच्या डब्यातली दोरी बांधली. के-पॉप शिकताना असं ध्यान जगात दुसरं नसेल.

नवशिक्यांसाठी सोपे धडे असतात, हेही तिला फोनवरच कळलं. एक टोपीवाली मुलगी गाणं अर्ध्या वेगावर लावून हसत हसत शिकवायची. ‘हे तर कुणालाही जमेल’ असं ती दर वाक्याला म्हणायची, आणि न जमणाऱ्याला दर वाक्याला चपराक बसायची. खांदा असा उडवायचा, जणू काही अंगावर काही पडलंय. मनगट सैल. बोटं ताठ नाहीत आणि लुळीही नाहीत. गुडघे वाकवून चालायचं, पण वाकवलेत असं दिसू द्यायचं नाही. गुडघ्यांच्या बाबतीत मावशी बरी निघाली. सगळं आयुष्य गुडघ्यांवर गेल्याचा तेवढा फायदा. हात मात्र ऐकेनात. चाळीस वर्षं ते फक्त आपल्याकडे, पोटाजवळ, सुईच्या टप्प्यात हलले होते. त्यांना लांब पसरायला सांगितलं की ते संकोचून परत यायचे.

टोपीवालीकडून तिने हात शिकून घेतले. पावलं आणि चाल मात्र भिंगरीचीच. ती कुठून कुठे जाते, कधी वळते, कधी झपाट्याने पुढे येते, हे सगळं त्या व्हिडिओवरून, जसंच्या तसं. शब्द कळत नव्हते, पण ध्रुवपद पाठ झालं. दुकानात ती ते टाचण्यांच्या मागून गुणगुणायची आणि गिऱ्हाइकांना वाटायचं, बाईला दम लागलाय.

एक दिवस दारावर थाप पडली. हेडमास्तर. काठी टेकत जिना चढून आले होते आणि दम खात उभे होते.

“भाची आली वाटतं?” ते म्हणाले.

मावशीच्या कपाळावर घाम, चष्म्याला दोरी. खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मास्तर, या वयात मीच उड्या मारतेय?

“हो,” ती म्हणाली. “आलीये.”

“तरीच. पाऊल ओळखीचं वाटलं.” त्यांनी आत डोकावायचा प्रयत्न केला. “सांगा तिला, बातम्यांच्या वेळी जरा हळू.”

“सांगते.”

दार लावून मावशी टेकून उभी राहिली. लाज वाटली, आणि लाजेच्या खालून काहीतरी गोडही वाटलं. पाऊल ओळखीचं वाटलं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ती नाचताना मनात म्हणायची, भाची आलीये. खोटं बोलण्याची सवय नसलेल्या माणसाला खोटं असं पुरवून पुरवून खावंसं वाटतं.

दुकानाच्या वाटेवर एक हॉल होता. तिथे एका सुट्टीच्या सकाळी कागद लागला, ‘सोपे के-पॉप, पूर्ण नवशिक्यांसाठी, वयाची अट नाही.’ खिडकीतून तेच गाणं ऐकू येत होतं. सोपं म्हणून सगळीकडे तेच शिकवत असावेत. वयाची अट नाही, हे शब्द मावशीने थांबून परत वाचले आणि पुढच्या आठवड्यात आत गेली. सगळ्या तिशीच्या आतल्या. शिकवणारी पोरगी मात्र चांगली होती, तिने मावशीला मुद्दाम पुढच्या रांगेत घेतलं. गाणं सुरू झालं आणि मावशीला सगळं येत होतं. शेजारच्या दोघी तिच्याकडे बघून पावलं टाकायला लागल्या. असं तिच्याकडे बघून कुणी काही करण्याची वेळ आयुष्यात आली नव्हती.

मग ध्रुवपद आलं. सगळ्यांनी हॉलच्या मधून सरळ पुढे चालत यायचं होतं. सगळ्या सरळ आल्या. मावशी मधे पोचली, बाजूला झाली, अर्धं वर्तुळ घेऊन पुढे आली आणि डावीकडच्या बाईवर धडकली.

“सरळच यायचं, मावशी,” शिकवणारी म्हणाली. परत गाणं. परत मावशी मधे पोचली आणि पाय आपोआप वळले. तिसऱ्यांदा तिने मनाशी पक्कं केलं, सरळ. पाय मनाचं ऐकेनात.

शिकवणारीला हसू आवरेना, पण त्यात कुचेष्टा नव्हती. “मावशी, तुम्ही वळसा कुणाला घालताय? तिथे कोणीच नाहीये.”

सगळ्या हसल्या. मावशीही हसली. “सवय आहे,” म्हणाली. तास संपल्यावर तिने चपला घातल्या आणि परत त्या हॉलकडे गेली नाही.

घरी येऊन तिने व्हिडिओ लावला. आरशात नाही, सरळ हातात धरून. इतके दिवस ती भिंगरीचे पाय बघत आली होती. आज तिने मधे पाहिलं. मधे एक बाई उभी होती. जाड चष्मा, मान खाली, तोंडात टाचण्या, हातात स्कर्ट. भिंगरी तिच्यापाशी यायची आणि तिला वळसा घालून जायची. पुन्हा यायची, पुन्हा वळसा. इतके दिवस या रिकाम्या खोलीत मावशी जिला वळसा घालत होती, ती स्वतःच होती. इतक्या वेळा व्हिडिओ पाहून हे कसं दिसलं नाही, असं कुणी विचारेल. स्वतःकडे बघायची सवय नसलेली माणसं असतात. आरशासमोर जन्म काढतात, पण बघतात ती गिऱ्हाइकाच्या दुमडीकडे.

आणि मग तिला आणखी एक गोष्ट दिसली. मधली बाई वर बघत नव्हती हे खरं. पण भिंगरी जवळून जायची वेळ आली की तिचा सुईचा हात हळूच पोटाशी आत यायचा. पोरगी पुढे गेली की परत बाहेर. सुई लागू नये म्हणून. दर वेळी, बरोब्बर वेळेवर, मान न उचलता. मावशीने तेवढाच तुकडा कितीतरी वेळा मागे नेऊन पाहिला. मग फोन पालथा ठेवून ती बसून राहिली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

भिंगरीचा फोन त्यानंतर आला तो हॉर्नशिवाय. कामासाठी याच बाजूला यायचं होतं, रविवारी दुपारी विमानाआधी थोडा वेळ होता. “येऊ का गं? जेवायला काही करू नकोस.” काही करू नकोस म्हटलं की माणूस जे करतं ते सगळं मावशीने केलं. चादर बदलली, फरशी पुसली, रविवारी सकाळीच टेबल ओढून भिंतीला लावलं. कसं सांगायचं ते मात्र ठरेना. तिच्या डोक्यात एकच चित्र होतं, पोरगी पलंगावर बसलीये आणि बघतेय. बस, एवढंच. बघितलं पाहिजे. मग ‘बाकी काय’ कितीही वेळा विचारू दे.

जिन्यात पावलं वाजली, मधे थांबली, बराच वेळ थांबली, मग वर आली. भिंगरी दारात उभी राहिली. वाळली होती. ऑफिसचे कपडे, खांद्याला लॅपटॉपची बॅग, आणि कपाळावर आठी.

“मावशी, ते खालचे हेडमास्तर काय म्हणत होते? रोज संध्याकाळी नाचतेस, जरा हळू नाच. मी म्हटलं आजोबा, मी आत्ताच आले. तर म्हणे खोटं बोलू नकोस, महिनाभर ऐकतोय, तुझंच पाऊल आहे.” ती आत आली. भिंतीला लावलेलं टेबल तिने पाहिलं, आरशासमोरचं स्टूल पाहिलं. “कोण नाचतं इथे?”

आज तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे उत्तर देणं भाग होतं.

“मी,” मावशी म्हणाली.

भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. मग फिस्सकन हसली, आणि हसता हसता बॅग खाली ठेवून तिचे दोन्ही हात धरले. “तू? आपलं गाणं? दाखव. आत्ताच्या आत्ता दाखव.” ती पलंगाकडे निघाली.

“तिथे नको,” मावशी म्हणाली. “तू मधे उभी राहा.”

“मधे कशाला?”

“मधे कोणी नसलं की मला जमत नाही.”

भिंगरीला ते कळलं की नाही कोण जाणे. ती खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. मावशीने चष्म्याची दोरी घट्ट केली, गाणं लावलं आणि कोपऱ्यात आपल्या जागी जाऊन उभी राहिली. पहिलं पाऊल पडलं, खांदा उडाला, आणि तेवढ्यात भिंगरीचा फोन वाजला.

तिने फोनकडे पाहिलं आणि चेहराच बदलला. “साहेबांचा आहे. घ्यावाच लागेल. तू थांबू नकोस, मी बघतेय.” आणि फोन कानाला लावून, “हो सर, बोला सर,” करत ती तिथेच उभी राहिली. मोकळ्या हाताने तिने खूण केली, चालू दे.

चालू दे म्हणजे कसं चालू द्यायचं? मावशीला एकदा वाटलं, बंद करावं. गॅसवर चहा ठेवावा. पण पाय सुरू झाले होते. ती नाचत राहिली. भिंगरी खाली फरशीकडे बघत कुठल्याशा आकड्यांबद्दल बोलत होती. तिची नजर एकदाही वर आली नाही. मावशीचा हात लांब पसरला, संकोचला नाही, चांगला खांद्यापासून बोटांपर्यंत गेला; कुणी पाहिलं नाही. वळण नीट जमलं. कुणी पाहिलं नाही. इतके दिवस कशासाठी केलं हे? या पोरीने एकदा मान वर करावी म्हणून. आणि ती मान खाली घालून आपलं काम करत उभी आहे, अगदी खांबासारखी.

ध्रुवपद आलं. मावशी मधे आली, वळसा घ्यायला बाजूला झाली. फोन धरलेल्या हाताचं भिंगरीचं कोपर बाहेर आलेलं होतं, नेमकं तिच्या वाटेत. लागणार, असं मावशीला वाटलं.

कोपर आत आलं. भिंगरीने वर पाहिलं नाही, बोलणं थांबवलं नाही, “नाही सर, मंगळवारपर्यंत नक्की,” म्हणत होती, आणि तिचं कोपर हळूच पोटाशी आत आलं. मावशी पुढे सरकली आणि ते परत बाहेर गेलं. योगायोग असेल. दुसरं कडवं संपलं, पुन्हा ध्रुवपद आलं, मावशी या वेळी मागून आली, आणि भिंगरीने एक पाऊल न बघताच पुढे घेतलं आणि वाट करून दिली. मग मावशीने उरलेलं गाणं अगदी सावकाश, सांभाळून, पुरतं नाचून संपवलं.

फोनही संपला. भिंगरीने कपाळावर हात मारला. “सॉरी गं मावशी. नीट बघायचं राहूनच गेलं. परत करतेस?” पण हातातल्या फोनवर टॅक्सी आल्याचं वाजलं होतं आणि ती बॅग उचलत होती. “पुढच्या वेळी नक्की. कुणाच्या स्टेप्स बसवल्यास?”

“तुझ्या.”

भिंगरी बॅग खांद्यावर घेता घेता थांबली. “मला तर आता एकही आठवत नाही,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा पडला.

“आठवतात तुला,” मावशी म्हणाली.

ती तिला खाली सोडायला गेली. टॅक्सी वळेपर्यंत हात हलवला. परत येताना दुसऱ्या मजल्यावर हेडमास्तर दार अर्धं उघडं ठेवून उभे होते.

“गेली का नाचणारी?”

मावशी कठड्याला धरून थांबली. पाय दुखत होते. “भाची गेली,” ती म्हणाली. “नाचणारी इथेच आहे.”

हेडमास्तरांनी तिच्या चष्म्याच्या दोरीकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं. “बातम्यांच्या वेळी हळू,” शेवटी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मावशी वर आली. भिंगरीसाठी म्हणून केलेलं सगळं जेवण झाकलेलंच होतं. तिने एकटीसाठी वाढून घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसून जेवली. टेबल तिने भिंतीशीच राहू दिलं.